गळकी गाडी आणि धोंड्याचं जेवण

माझी गाडी गळत होती, हे मी मान्य करतो. पण किती गळत होती, याबद्दल माझ्या सासुरवाडीनं जी अफवा उठवली होती ती साफ खोटी आहे. गाडीखाली बादली लावून आम्ही त्या तेलात भजी तळतो, असं काही नव्हतं. वाटी पुरत असे. खामगावात आमच्या गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत काळ्या ठिपक्यांची जी रांग होती, तिचा तर लोकांना उपयोगच होता. पाहुणा चुकला की कोणीही सांगे, "ठिपके धरून जा, जथी संपले तथी त्यायचं घर." शेजारची मांजर एकदा त्या ठिपक्यांवरून जी घसरली ती थेट कापसाच्या जिनिंगच्या फाटकाशी जाऊन थांबली, आणि तेव्हापासून रस्ता ओलांडताना ती आधी दोन्हीकडे पाहते. आमच्या गल्लीत इतकी शहाणी मांजर दुसरी नाही. श्रेय कोणाचं? माझ्या गाडीचं.

गाडी लग्नाआधीची. काळी, दीडशे सीसीची, सीटला दोनदा नवीन कातडं चढलेलं. माझं सरकी-ढेपेचं दुकान आहे, त्यामुळे तिच्या पाठीवर मी ढेपेची पोती वाहिली, आणि बायकोला पाहायला गेलो तेही हिच्यावरच. फक्त म्हैस तेवढी बसवायची राहिली, आणि तेही म्हैस तयार नव्हती म्हणून. डबल स्टँड मात्र तिला नव्हता. पोती लादली की तो प्रत्येक गतिरोधकाला घासून अशा ठिणग्या उडवायचा की मागून येणाऱ्याला दिवाळी आल्यासारखं वाटायचं. म्हणून मी तो काढून टाकला होता. गाडी कायम साइड स्टँडवर, डाव्या अंगाला कललेली. पानठेल्याशी उभ्या राहिलेल्या रिकामटेकड्या माणसासारखी.

आता मुख्य भानगड. माझे सासरे वरवट बकालचे. त्यांनी घरासमोर नवीन पोर्च बांधला आणि त्यात पांढरी फरशी बसवली. पांढरी म्हणजे किती पांढरी, तर दुपारी तिच्याकडे पाहून कोंबड्यांना पहाट झाल्यासारखं वाटायचं. त्या फरशीवर माझ्या गाडीनं मागच्या भेटीत पिंपळपानाएवढा डाग पाडला. सासऱ्यांनी तो राखेनं घासला, चिंचेनं घासला, कसल्याशा पावडरीनं घासला. डाग पुसट झाला नाही, उलट चकाकायला लागला.

मग यंदा ऐन उन्हाळ्यात अधिक महिना आला. आमच्याकडे त्याला धोंड्याचा महिना म्हणतात. या महिन्यात जावयाला घरी बोलवायचं, पाटावर बसवून पाय धुवायचे, पुरण भरलेले धोंडे खाऊ घालायचे आणि वाण द्यायचं. जावई म्हणजे त्या दिवसापुरता देवच, त्यामुळे जावयालाही दिलेल्या वाणाला नाही म्हणता येत नाही. देव कुठे नाही म्हणतो?

सासऱ्यांचा फोन आला.

"जवाईबापू, यंदा तुमच्यासाठी बॅटरीची स्कूटर घेऊन ठेवली. आवाज नाही, गेर नाही, तेल नाही. येताना तुमचं ते खटारं घेऊन या. भंगारवाला सांगून ठेवला."

स्कूटर चांगलीच असणार, त्याबद्दल वाद नाही. पण जिला गळायचंसुद्धा स्वातंत्र्य नाही, ती कसली गाडी?

"मामाजी," मी म्हणालो, "आपली गाडी आता गळत नाही."

हे मी बोललो तेव्हा गाडी बाहेर गळत होती. मला खिडकीतून दिसत होतं.

"गळत नाही?" सासरे म्हणाले. "मंग असं करू. तुम्ही आले की गाडीखाली परात लावतो. जेवण होईस्तोवर थेंब नाही पडला, तं तुमची गाडी तुमच्यापाशी. पडला, तं चाबी माह्यापाशी. मंजूर?"

"मंजूर!" मी असा गरजलो की दुकानातल्या पोत्यांवरची धूळ उडाली.

बायको हे सगळं ऐकत होती. ती दवाखान्यात नर्स आहे, पांढरा ड्रेस घालून माझ्या मागं बसून कामाला जाते. मी विचारलं, "तू कोणाच्या बाजूनं?"

"मी कोणाच्याच बाजूनं नाही," ती म्हणाली. "पण माह्या ड्रेसवरचे डाग बाबांच्या बाजूनं आहेत."

मी तडक मेकॅनिककडे गेलो. हा माझा वर्गमित्र. बसस्टँडमागं त्याचं टिनाचं शेड आहे आणि जगात असं कोणतंच इंजिन नाही जे आपण हात लावल्याबरोबर रडत पाया पडलं नाही, असं तो सांगतो. मीही त्याला माझ्या गोष्टी सांगतो. आमची मैत्री याच पायावर उभी आहे.

त्यानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, बोटावर तेल घेतलं, वास घेतला, आणि मी नाही म्हणेपर्यंत चाटूनही पाहिलं.

"पॅकिंग गेलं," तो म्हणाला.

इंजिनाच्या दोन भागांमध्ये जो कागदाचा थर असतो ते पॅकिंग. ते दुकानात विकत मिळतं. पण आमच्या या पठ्ठ्याच्या शेडमध्ये कोपऱ्यात लग्नपत्रिकांचा एक उंच गठ्ठा असतो. खामगावात ज्याचं म्हणून लग्न लागतं, त्याची पत्रिका शेवटी कोणाच्या ना कोणाच्या इंजिनात जाते. कव्हर पत्रिकेवर ठेवायचं, कडेकडेनं हातोडी टिचकवायची, की पॅकिंग तयार. पत्रिका हातात घेतली की तो आधी जाडी पाहतो, मग वधू-वरांची नावं.

"मोठ्या घरची पत्रिका असली तं दोन वर्षं थेंब नाही," तो म्हणाला. "पण धोंड्याच्या महिन्यात लग्नंच नाही ना बे. माल संपून राह्यला."

त्यानं कव्हर खोललं. जुनं पॅकिंग अर्धं इंजिनाला चिकटलेलं. त्यानं पात्यानं खरवडायला घेतलं आणि मला त्यावर तेलानं काळवंडलेली अक्षरं दिसली: आमच्या येथे श्री कृपेकरून.

"ही कोणाची पत्रिका बे?" मी विचारलं.

"तुहीच. जाड होती. मन लावून छापली होती तुम्ही."

म्हणजे माझं लग्न आजवर माझ्याच इंजिनात तेल अडवून बसलं होतं आणि मला पत्ता नव्हता! मी त्याला बजावलं, या वेळी पत्रिका नको, दुकानातलं खरं पॅकिंग आण. त्याला ते लागलं. डॉक्टरला घरच्या काढ्याऐवजी औषध लिही म्हटल्यासारखं त्यानं तोंड केलं. पण ऐकलं.

पॅकिंग नवीन बसवलं, तरी मला वाटलं दुखणं वेगळंच आहे. ओल होती ती फिल्टरच्या गोल झाकणाखाली. त्यानं झाकण काढलं, तर आत रबराच्या दोन रिंगा. एक जुनी, खाचेत चिकटून चपटी झालेली, आणि तिच्या उरावर दुसरी. दोघींच्या भांडणात झाकण नीट बसत नव्हतं आणि तेल मधूनच वाट काढत होतं.

"हे कोण्या गाढवानं बसवलं?" मेकॅनिक ओरडला.

"तूच. मागच्या वेळी. जुनी काढायची राहिली तुही."

त्यानं जुनी रिंग पात्यानं उचकटली. "मंग काही कारण असन. एकटीले करमत नसन तिले."

आता फिल्टर. तेलातली घाण गाळणारी ती घड्याघड्यांची कागदी नळकांडी. स्पेअर पार्टच्या दुकानदारानं काचेवर तीन फिल्टर मांडले. जशी काही लुगडी मांडतोय. एक स्वस्तातला, एक मधला, एक कंपनीचा. मी मुलगी पाहायला गेलो होतो तेव्हा इतके प्रश्न विचारले नव्हते. स्वस्तातल्याच्या कागदाला आधी ओलं वर्तमानपत्र असल्यासारखा वास येत होता. घड्या कुठे दाट, कुठे विरळ, न झोपलेल्या माणसाच्या चादरीसारख्या. तोंडाचं रबर नखानं दाबलं तर नख वाकलं, रबर नाही. मी तो एका नळीवर चढवून पाहिला तर सैल फिरला. म्हणजे तेल कागदातून न जाता बाजूनंच सटकणार, आणि गाळणं नुसतं नावाला. मधला बरा होता. मी तो उजेडात धरला, वास घेतला, तोंडाला लावून फुंकर मारली.

"भाऊ," दुकानदार शांतपणे म्हणाला, "फिल्टर हाये. बासरी नाई."

शेवटी कंपनीचाच घेतला. रबर मऊ, तोंड घट्ट, घड्या अशा एकसारख्या की पाहून माझ्याच शर्टची मला लाज वाटली. सोबत झाकणाची एकच रिंग, आणि तेल काढायच्या बोल्टसाठी नवीन वायसरची चकती. तो बोल्ट आवळताना मेकॅनिक सवयीप्रमाणे पान्यावर उभा राहायला निघाला, तेव्हा मी त्याला मागून कंबरेला धरून खाली ओढलं. असाच आवळून त्यानं आजवर किती जणांचे आटे खाल्लेत याची गणती त्यालाच नाही. मग डब्यातलं तेल ओतलं, डबा रिकामा झाला की माप झालं. वर एक थेंब नाही.

त्यानंतरचे दिवस म्हणजे सण! मी गाडीखाली वर्तमानपत्र अंथरायचो आणि सकाळी उचलून वाचायचो. कोरडं. बातम्या शिळ्या, पण कोरड्या. गल्लीतले ठिपके धुळीनं बुजले. एक पाहुणा दुसऱ्याच्याच घरी जाऊन जेवून आला. मांजर दारात येऊन फरशीकडे पाहायची, मग माझ्याकडे पाहायची, तिच्या डोळ्यांत आदर होता. बायकोनं कोऱ्या पांढऱ्या ओढणीचा कोपरा इंजिनाखालून फिरवून पाहिला आणि तीच ओढणी खांद्यावर टाकून कामाला गेली. ती ओढणी म्हणजे मेडलच.

धोंड्याला आम्ही निघालो तेव्हा ऊन असं होतं की शेगावच्या पुढे रस्त्याचं डांबर चाकाला हात धरून थांबवत होतं. वाटेत, पूर्णेच्या पुलाच्या अलीकडे, माझ्या मोठ्या साडूंचं गाव. त्यांनाही बोलावणं होतं, त्यांची बायको आधीच माहेरी पोचलेली, म्हणून त्यांना सोबत घेऊन जायचं ठरलं होतं. साडू म्हणजे सोन्यासारखा माणूस. त्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे, आणि ट्रॅक्टरवाल्या माणसाचं एक ठाम मत असतं: जगात जे काही बिघडतं ते तेल कमी पडल्यामुळं.

मी गाडी साइड स्टँडला लावली, पाणी प्यायला आत गेलो. परत येतो तर साडूंनी तेल मोजायची काडी काढून हातात धरलेली.

"साडभाऊ! अरे, कोरडी ठण्ण! असं इंजिन चालवून राह्यले तुम्ही? पाप लागन!"

मी पाहिलं. खरंच, काडीच्या टोकाला नुसता तेलाचा वास होता.

"पण आत्ताच भरलं..." मी म्हणालो.

"भरलं असन, पेलं तिनं. ऊन पाह्यलं का?" त्यांनी तोपर्यंत ट्रॅक्टरच्या तेलाचा डबा आणून बूच काढलंसुद्धा. "पाहुण्याले उपाशी पाठवू मी? हे घ्या. अजून एक घोट. हा एक माह्या नावाचा. हा तुमच्या साळीच्या नावाचा. आता एक पोराईच्या नावाचा, नाही म्हणू नका."

आमच्याकडे आग्रहाला नाही म्हणायची पद्धत नाही. ना माणसाला, ना माणसाच्या गाडीला. मला वाटलं, चला, प्रेमाचं तेल, बरंच लागेल.

साडू आपल्या गाडीवर डबा हँडलला अडकवून आमच्या मागोमाग निघाले. पूल ओलांडल्यावर एका टपरीवर चहा प्यायला थांबलो. तिकडचं पाणी खारं, चहासुद्धा असा की त्यात साखर घातली की मीठ याचा बराच वेळ निवाडा होत नाही. मी तो निवाडा करत असताना साडूंनी पुन्हा काडी काढली. पुन्हा कोरडी.

"ही गाडी नाही, रांजण हाये!" ते आनंदानं ओरडले आणि पुन्हा ओतलं. टपरीवाल्यानंही हातभार म्हणून डबा तिरपा धरला. माझ्या बायकोनं एवढंच विचारलं, "एवढं तेल जाते कुठं?"

"तिले भूक लागते," साडू म्हणाले. मला ते पटलं. मला त्या दिवशी सगळंच पटत होतं.

वरवटला पोचलो तर पोर्चमध्ये स्वागताची तयारी पाहून मी गहिवरलो. रांगोळी, पाट, पाय धुवायला पाणी, आणि मधोमध पांढऱ्या फरशीवर ठेवलेली स्टीलची परात. पुरणाच्या पोळ्यांची कणीक मळायची ती, घरातली सगळ्यात मोठी. कोपऱ्यात झेंडूचा हार घातलेली बॅटरीची स्कूटर. माझी गाडी परातीवर आणून कलती उभी करण्यात आली. सासऱ्यांनी वाकून पाहिलं आणि परात बोटभर डावीकडे सरकवली. तोफेचा नेम धरल्यासारखी.

"माही पुरणाची परात हाये ती," सासूबाई म्हणाल्या.

"आज पुरण नाही, न्याय मळायचा हाये," सासरे म्हणाले.

माझे पाय धुतले, ओवाळलं, पाटावर बसवलं. शेजारी साडू. समोर ताट, आणि ताटाच्या पलीकडे दारातून परात सरळ दिसत होती. मग धोंडे आले. कणकेचे गोळे, आत पुरण, तेही वर तूप ओतून नाही, तर ताटात तुपाचं तळं करून त्यात सोडलेले. सोबत आंब्याचा रस.

"घ्या ना बापू, एकच घेतला तुम्ही."

"मामी, तिसरा आहे."

"तिसरा मोजत नसतात."

माझा असा नियम आहे की सासूबाईंचा आग्रह मोडायचा नाही. मी खाल्ले. मग आणखी खाल्ले. रस वाटीनं प्यायलो, मग वाटी बाजूला ठेवून तांब्यानं. हळूहळू मला सरळ बसता येईना. मी भिंतीला टेकलो, मग टेकल्या टेकल्या डाव्या अंगाला कललो. पोटातलं सगळं एका बाजूला गेल्यासारखं वाटत होतं. बाहेर परात शांत. सासरे घास चावताना एक कान दाराकडे लावून होते. साडू मात्र निवांत, त्यांच्या कपाळाला घामाऐवजी तूप आलं होतं.

आणि त्या शांततेत,

टप्.

पुरणाच्या परातीत पडलेला थेंब काय वाजतो म्हणता! वरवटच्या वेशीपर्यंत गेला असेल तो आवाज. सासऱ्यांचा हात घासासकट हवेत थांबला.

"ऐकलं का, बापू?"

"पाल चुकचुकली, मामाजी."

टप्.

"पाल अशी स्टीलवर नाही चुकचुकत. चाबी?"

माझे डोळे भरून आले. गाडी तिथं उभी होती, उन्हानं तापलेली, एका अंगाला कललेली, आणि तिच्या एका नळीच्या टोकाला तिसरा थेंब फुगत होता. तेवढ्यात साडू उठले. "काही नाही, तेल कमी पडलं असन तिले!" म्हणत त्यांनी डबा उचलला आणि गाडीकडे धावले. त्याच क्षणी सासूबाई रसाचा डाव घेऊन माझ्या ताटाकडे झेपावल्या.

एकीकडे डाव, दुसरीकडे डबा. आणि दोन्हीच्या समोर डाव्या कुशीला कललेले आम्ही दोघे.

"बस्स!" मी असा ओरडलो की आढ्यावरची चिमणी खाली पडता पडता सावरली. "बस्स! आता एक थेंबसुद्धा नको!"

सासूबाईंचा चेहरा पडला. "काऊन हो, रस आंबट निघाला का?"

"मामी, रस अमृत आहे. पण माझं गळ्यापर्यंत आलंय. आणि तिचंही!"

मी उठायला गेलो, उठता आलं नाही, मग गुडघ्यांवर रांगत पोर्चपर्यंत पोचलो. देवाच्या जागी बसवलेला जावई रांगत चाललेला पाहून शेजारची दोन घरं गोळा झाली. थेंब इंजिनाच्या झाकणाखालून पडत नव्हता, फिल्टरपाशी नव्हता, बोल्टपाशी नव्हता. तिथं सगळं खडखडीत कोरडं. तो येत होता हवा गाळायच्या डब्याखालच्या रबरी नळीतून. इंजिनात तेल जास्त झालं की ते वर चढतं, श्वास घ्यायच्या वाटेनं त्या डब्यात जातं आणि तिथून नळीवाटे बाहेर. साध्या भाषेत सांगायचं तर गाडीला ढेकर येत होते.

"कसं शक्य हाये?" साडू म्हणाले. "काडी आत्ताही कोरडी हाये. हे पाहा."

"भाऊ, ती डावीकडे कलली आहे. तेल सगळं डावीकडे गेलं. काडी उजवीकडे. तिला तेल लागणार कसं?" मी पोटावर हात ठेवला. "सकाळपासून आपण गाडी कलती ठेवून काडी पाहतोय आणि ओततोय. सरळ धरा तिला. दोघं दोन बाजूंनी."

सासरे एका बाजूला, साडू दुसऱ्या बाजूला. दोन जावयांना पाटावर बसवणारा माणूस एका जावयाची गाडी उभी धरून उभा, हे दृश्य वरवटनं त्याआधी पाहिलं नव्हतं. बायको पुढे आली. तिनं काडी काढली, साडूंच्या खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसली, आत घातली, बाहेर काढली. काडी टोकापासून मुठीपर्यंत तेलानं माखलेली. टपटप टपकत होती.

तिनं ती उन्हात धरून थर्मामीटरसारखी वाचली.

"पोट फुगलं आहे. काढावं लागन," ती म्हणाली. "बाबा, वासराले औषध पाजायची मोठी सिरिंज कुठं हाये?"

गोठ्यातून सिरिंज आली, नळी जोडली गेली. नर्सबाईंनी तेल भरायच्या भोकातून नळी आत सोडली आणि एकेक सिरिंज ओढून परातीत सोडायला लागल्या. साडू डोकं धरून पाहत होते. "हे माह्या नावाचं," ते पुटपुटले. "हे पोराईच्या नावाचं." सासूबाई परातीकडे पाहत होत्या. पुढचे कित्येक दिवस त्या घरात कणीक ताटात मळली गेली असेल, एवढं मी त्यांच्या तोंडावर वाचलं.

काडीवरच्या दोन खुणांच्या मध्ये तेल आलं तेव्हा बायकोनं सिरिंज खाली ठेवली.

"ते सगळं ठीक," सासरे म्हणाले. "पण थेंब पडला तं पडला. बोली म्हणजे बोली."

"बाबा," बायको म्हणाली, "तो थेंब गाडीचा नव्हता. भाऊजींचा होता."

सगळ्यांनी साडूंकडे पाहिलं. साडूंनी हात जोडले. सासऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, टोपी काढली, परत घातली. शेवटी म्हणाले, "असं उभ्या गाडीचं काय खरं? पळवून पाहू. मी पळवतो. बापू, मागं बसा."

सासऱ्यांनी गेरची गाडी सोडून कित्येक वर्षं झाली होती. पहिल्या गेरमध्ये ते अशा आवाजात निघाले की गोठ्यातल्या म्हशींनी दावं ताणून आमच्यामागं यायचा प्रयत्न केला. गावाबाहेर पडेपर्यंत मी पोटातले धोंडे दोन्ही हातांनी सांभाळत होतो. मग त्यांना दुसरा गेर सापडला. मग तिसरा. केळीच्या बागा दोन्ही बाजूंनी हिरव्या भिंतीसारख्या मागे पळायला लागल्या, समोर सातपुडा जवळ येतोय की आम्हीच त्याच्यावर चढतोय कळेना. टोपी उडाली. "थांबता का?" मी ओरडलो. "राहू दे!" ते ओरडले, आणि त्या ओरडण्यात कुठून तरी विशीतला एक पोरगा डोकावला. वळणावर ते चक्क वाकले. मीही वाकलो, पण माझं पोट वाकलं नाही. एका बैलगाडीवाल्यानं त्यांना ओळखून हात केला, तर यांनी हँडल सोडून हात केला! मी त्या क्षणी सगळ्या देवांना, माझ्यासकट, नवस बोललो.

परत आलो तेव्हा त्यांचे केस कणसाच्या तुऱ्यासारखे उभे होते. गाडी परातीवर, सरळ नाही, कलतीच उभी केली. सगळं घर भोवती बसलं. चहा झाला. सावल्या अंगणभर लांबल्या. परात कोरडी. सासूबाईंनी ती बोटानं पुसूनही पाहिली. कोरडी!

मी उडी मारून उभा राहिलो. म्हणजे मारायचा प्रयत्न केला.

"मामाजी, गाडी माझी!"

"गाडी तुमचीच," सासरे म्हणाले. त्यांचा हात टाकीवर होता आणि तो तिथून निघत नव्हता. "भंगारात द्यायचं तं नावच नको. पण एका फेरीत काय कळते? आज ती धाकानं गळून नाही राह्यली. दोन दिवस ठेवून जा. वावरात नेऊन, बाजारात नेऊन, चांगली तपासून देतो."

"पण घरी जायचं कसं?"

त्यांनी हार घातलेल्या स्कूटरकडे बोट दाखवलं. वाण होतं, देवाला नाही म्हणता येत नाही.

तर आम्ही आवाज न करता, तेल न सांडता खामगावला परत आलो. गल्लीत कोणाला कळलंसुद्धा नाही. दोन दिवसांनी मी फोन केला. गाडी जळगाव जामोदला गेली होती. चार दिवसांनी केला, संग्रामपूरच्या बाजारात होती. महिन्यानं केला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "वावरात गेले, बापू. आता जेवायलेच येतात घरी, अन् तेही गाडी दारात दिसन असे बसतात." मागून फटफट आवाज आला, तो जवळ आला, थांबला. सासऱ्यांनी फोन घेतला.

"मामाजी, पडला का थेंब?"

"नाही पडला अजून," ते म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता की मला गाडी परत मागायचा धीर झाला नाही. "पण पडन, बापू, पडन. मी वाट पाहून राह्यलो."